२४ हजार की ४५ हजार? आधी दोन्ही आकडे एका मापात आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला काम करणारा २६ वर्षांचा तरुण. मेकॅनिकल डिप्लोमा, नोकरीला चार वर्षं चार महिने झालेले, हातात २४ हजार. घर आसोद्याला, वडिलांची थोडी शेती, लग्न व्हायचं आहे. चाकणच्या एका कंपनीनं वर्षाला ५ लाख ४० हजारांचं ऑफर लेटर दिलं आहे. राजीनाम्याचं बोलल्यावर सध्याचे साहेब म्हणाले, थांब, तीन हजार वाढवून देतो. हे भाऊ विचारतात, ‘महिन्याला २१ हजार जास्त मिळत असताना थांबायचं कशाला? पण वडील म्हणतात, पैशापायी हातची नोकरी सोडू नको. फक्त पगारासाठी नोकरी बदलणं चूक आहे का?’ पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘माझ्या हाताखाली शिकलेले दोघं मागच्या वर्षी सीनियर झाले, मी आहे तिथंच आहे, पण तो मुद्दा वेगळा.’

मी १९९८ साली जळगावात एका कारखान्याच्या टाइम ऑफिसला लागलो. तेव्हा हजेरीचं मस्टर हातानं भरायचो आणि पगार पाकिटात द्यायचो. पुढं त्याच खात्याला पर्सोनेल म्हणू लागले, मग एचआर. जळगाव आणि धुळे मिळून चार कारखाने झाले. माणसं नोकरीला घेतली, त्याहून जास्त माणसांचे राजीनामे घेतले. त्या अनुभवावरून सांगतो.

पगारासाठी नोकरी बदलणं चूक अजिबात नाही. पोटासाठीच घराबाहेर पडतो आपण. पण तुमचा २१ हजारांचा हिशेब चुकला आहे, आणि ज्याला तुम्ही ‘वेगळा मुद्दा’ म्हणता तोच मला मुख्य मुद्दा दिसतो. आधी हिशेब करू.

आमच्या गावाकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं) साल ठरायचं. माझे आजोबा ओट्यावर बसायचे, समोर सालदार आणि त्याच्यासोबत एखादा जाणता माणूस. बोलणी नुसत्या रकमेवर कधीच होत नसत. रोख किती, दादर (ज्वारी) किती पोती, कपडे-जोडे किती, उचल किती आणि ती कशी फेडायची, आजारी पडला तर खाडे धरायचे की नाही, रात्री पाणी भरायला कोणी जायचं, हे सगळं बोलून व्हायचं. एखादा सालदार जास्त रोख देणारा मालक सोडून आमच्याकडे यायचा, कारण इथं त्याच्या बायकोलाही बारमाही काम मिळायचं. लिहिता न येणारा माणूस पूर्ण मोबदल्याचा हिशेब तोंडी करत होता. आज शिकलेला मुलगा ऑफर लेटरवरचा सगळ्यात मोठा आकडा बघतो आणि त्याला बारानं भागतो.

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. तो तुमचा पगार नव्हे. तुम्ही पाठवलेल्या विभागणीप्रमाणे चाकणचे ४५ हजार असे फुटतात: बेसिक २२,५००. कंपनीचा पीएफचा हिस्सा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे २,७०० रुपये, तो तुमच्या हातात येत नाही. ग्रॅच्युइटीची, म्हणजे बरीच वर्षं नोकरी करून निघताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूद १,०८२. ग्रुप मेडिक्लेमचे ५००. वर्षाचे ३६ हजार ‘कामगिरीनुसार’, म्हणजे महिन्याचे ३,०००, तेही वर्ष संपल्यावर आणि पूर्ण मिळतीलच असं नाही. हे सगळं वजा केलं की पे-स्लिपवर येतात ३७,७१८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ २,७००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००), कँटीन आणि बसचे १,२००. बँकेत पडणार ३३,६१८. इन्कम टॅक्सची काळजी नको. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे.

आता तोच चष्मा लावून जळगावची नोकरी बघा. हातात २४ हजार. बेसिक १३ हजार, म्हणजे दोन्ही बाजूंचा पीएफ १,५६० आणि १,५६०. दिवाळीला एक बेसिक बोनस, म्हणजे महिन्याला हजार-अकराशे. ग्रॅच्युइटीचे सव्वासहाशे. तुमच्या आजच्या नोकरीचा सीटीसी काढला तर तो २९ हजारांच्या आसपास जातो. म्हणजे तुलना २९ विरुद्ध ४५ अशी आहे किंवा २४ विरुद्ध ३३,६०० अशी आहे. २४ विरुद्ध ४५ ही तुलना कुठल्याच मापात बसत नाही, पण निम्मी पोरं तीच करतात आणि त्या भरात राजीनामा टाकतात.

यापुढं खर्च. तुम्हीच दिलेले आकडे घेतो. चाकणला तिघांत खोली, तुमच्या वाट्याला ४,५००. मेस ४,०००. किरकोळ २,५००. महिन्यातून एकदा घरी येणं-जाणं १,५००. सणासुदीला महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट मिळालं नाही तर खाजगी बसचा दर तुम्हाला माहीत आहेच. एकूण १२,५००. उरले सुमारे २१,१००.

जळगावला पेट्रोल २,२००, स्वतःचा खर्च २,५००. उरले १९,३००. घरचे गहू, घरची दादर, घरची डाळ. आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची किंमत मी लावत नाही, पण मेसच्या चार हजारांची लावावीच लागते.

फरक आला १,८०० रुपये. त्यात पीएफचा फरक मिळवा: चाकणला दोन्ही हिस्से मिळून ५,४००, इथं ३,१२०, म्हणजे २,२८० रुपये तिकडे जास्त साठतात. (कंपनीच्या हिश्श्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो, पण तोही तुमच्याच नावावर असतो.) म्हणजे खरा फरक महिन्याला चार हजारांच्या थोडा वर. २१ हजारांवरून आपण चार हजारांवर आलो.

चार हजार थोडे नाहीत, वर्षाचे ४९ हजार होतात. पण एक गोष्ट तुम्ही मोजलीच नाही. ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्यापासून नियम असा चालत आला आहे की सलग पाच वर्षं नोकरी झाली की शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं. तुमचं बेसिक १३ हजार. २६ नं भागलं की ५००, पंधरा दिवसांचे ७,५००, पाच वर्षांचे ३७,५००. तुम्हाला पाच वर्षं पुरी व्हायला आठ महिने बाकी आहेत. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी द्यावी लागते, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पण प्रत्येक मालक तो आपणहून मानत नाही, भांडावं लागतं. आज निघालात तर चाकणच्या पहिल्या नऊ महिन्यांचा जास्तीचा पैसा ही बुडालेली रक्कम भरून काढण्यातच जाईल. म्हणून जाऊ नका असं मी म्हणत नाही. चाकणच्या एचआरला सरळ सांगा की माझी एवढी ग्रॅच्युइटी सुटते आहे, जॉइनिंगच्या वेळी तेवढी रक्कम द्या. मी स्वतः अशा रकमा मंजूर करून दिल्या आहेत. ज्याला माणूस हवा असतो तो देतो. मागितलंच नाही तर कोणी आपणहून देत नाही.

साहेबांनी देऊ केलेले तीन हजार हातात आले तर इथं उरतात २२,३००. म्हणजे महिनाअखेर हातात उरणाऱ्या पैशाचाच विचार केला तर आज जळगाव पुढं आहे. आणि हे कळूनसुद्धा तुम्हाला थांबावंसं वाटणार नाही असा माझा अंदाज आहे. तो का, ते सांगण्यासाठी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मी ज्या कारखान्यात होतो तिथं एक्स्ट्रूडरवर, म्हणजे पाइप काढण्याच्या मशीनवर, एक ऑपरेटर होते. अकरा वर्षं एकाच लाइनवर. मशीनचा आवाज जरा बदलला की चहा पिता पिता उठायचे. पाइपच्या कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवून सांगायचे, ‘या बाजूनं जाड येतोय, डाय सेंटर करा.’ मग कोणीतरी व्हर्निअर लावायचा आणि ते म्हणतील तेच निघायचं. एके दिवशी चहाच्या टपरीवर नव्यानं लागलेल्या मुलाची पे-स्लिप त्यांच्या हातात पडली. तो मुलगा बाहेरून आला होता, बाजारभावानं घेतलेला, त्याचा पगार यांच्यापेक्षा १,९०० रुपयांनी जास्त. दुसऱ्या महिन्यात त्यांचा राजीनामा टेबलावर आला. मी विचारलं, ‘आबा, किती वाढवून देऊ?’ ते म्हणाले, ‘आता राहू द्या.’ एवढंच. शेवटच्या दिवशी लॉकरची किल्ली, सेफ्टी शूज आणि गेट पास त्यांनी ओळीनं माझ्या टेबलावर मांडले. बुटांना पॉलिश केलेलं होतं. मी फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ‘चांगली संधी’ असं लिहिलं. ते खोटं होतं. ज्या कारखान्यात ते गेले तिथं त्यांना आमच्यापेक्षा पाचशेच रुपये जास्त होते, आणि रोज बारा किलोमीटर जास्त सायकल... नंतर मोपेड. त्यांचं जाणं मी आजही विसरलेलो नाही, कारण तो फरक मला पगारपत्रकात दोन वर्षं दिसत होता आणि मी वर बोललो नव्हतो.

पगाराचा आकडा माणूस एकटा बघत नाही, शेजारच्याच्या आकड्याला लावून बघतो. जॉन स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हेच मांडलं: मी देतो किती आणि मला मिळतं किती, याचं प्रमाण माणूस दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडतो, आणि ते जुळलं नाही की अस्वस्थ होतो. आमच्याकडे ही तुलना आणखी लांबवर जाते. भुसावळचं रेल्वेचं जंक्शन, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र. प्रत्येकाच्या घरात कोणीतरी मामा, काका तिथं परमनंट असतो. सातव्या वेतन आयोगानं १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या नोकरीचं किमान मूळ वेतनच १८ हजार केलं, वर महागाई भत्ता वेगळा. खाजगी कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेला भाचा स्वतःचा पगार त्या मामाच्या पगाराला लावून बघतो आणि पहिल्या दिवसापासून नाराज असतो. त्याची नाराजी मी समजू शकतो, पण त्या नाराजीत घेतलेला निर्णय सहसा चुकतो, कारण ठेकेदार बदलून तो मामासारखा परमनंट होत नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येतो. तुमच्या हाताखाली शिकलेले दोघं सीनियर झाले. तुम्हाला कोणी कारण सांगितलं नाही. पत्रात पगाराबद्दल वीस ओळी आहेत आणि याबद्दल एक. राजीनामा घेताना मी शेकडो वेळा हेच पाहिलं आहे. ‘पगार कमी पडतो’ हे सांगायला सोपं असतं, त्यात कोणाचा अपमान होत नाही, कोणाशी वाकडं येत नाही. ‘साहेब सगळ्यांसमोर बोलतात’, ‘माझं काम दुसऱ्याच्या नावावर जातं’, ‘मला इथं कोणी विचारत नाही’ हे कोणी लिहून देत नाही. आणि वरचे लोकही पगार हेच कारण ऐकायला तयार असतात, कारण त्याचा इलाज हजार-दोन हजारांत होतो.

तीन हजारांनी तुमचं ते दुखणं जाणार नाही. राजीनाम्यानंतर मिळालेल्या वाढीवर थांबलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातली बरीचशी पुढच्या आखाजीपर्यंत पुन्हा पत्र घेऊन आली, आणि त्या वेळी कोणी थांबा म्हटलं नाही. म्हणून साहेबांना पैशाचं नंतर विचारा, आधी हे विचारा: मला सीनियर का केलं नाही, आणि कधी करणार? उत्तर ठोस असेल, तारीख आणि हुद्दा कागदावर मिळणार असेल, वाढ बेसिकमध्ये धरणार असतील, तर त्या प्रस्तावाला वजन आहे. ‘बघू, एप्रिलला करू’ असं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की सध्या ऑर्डर भरून आहे आणि त्यांना माणूस शोधायला वेळ हवा आहे.

फ्रेडरिक हर्झबर्गचं नाव एमबीएच्या पहिल्या वर्षाला सगळे शिकतात. १९५९ मध्ये त्यानं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनीअर आणि अकाउंटंटांशी बोलून निष्कर्ष काढला की पगार कमी असला तर माणूस नाराज होतो, पण जास्त असला म्हणून कामात रमतो असं नाही. रमतो तो कामातल्या यशानं, जबाबदारीनं, कोणी दखल घेतल्यानं. हे मला अर्धं पटतं. ती माणसं इंजिनीअर आणि अकाउंटंट होती, महिन्याचं रेशन भरून झालेली. ज्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, त्याला दोन हजारांची वाढ म्हणजे सावकाराच्या व्याजातून सुटका. त्याला कोणी ‘पैसा सर्वस्व नाही’ असं सांगू नये. घरखर्च भागत नसेल तर पगार हेच पहिलं, दुसरं आणि तिसरं कारण, आणि त्यासाठी नोकरी सोडण्यात कसलाही कमीपणा नाही. घर चालू लागल्यानंतर मात्र हर्झबर्ग खरा ठरू लागतो. तुम्ही त्या रेषेच्या वरच्या बाजूला आहात असं तुमच्या आकड्यांवरून दिसतं.

वाढलेला पगार नको, असं म्हणणारा माणूसही मी पाहिला आहे. पॅकिंगच्या खात्यात एक जण होता, ग्रॉस २०,६००. एप्रिलला ७०० रुपये वाढ लागली. पत्र दिलं आणि दुसऱ्या दिवशी तो ते परत घेऊन आला. ‘साहेब, सातशे रुप्या वाढतीन, पन मायना दवाखाना बंद व्हई जाई.’ मायना म्हणजे आईचा. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा महिन्याला २१ हजार. तिच्या आत असेपर्यंत कामगाराकडून पाऊण टक्का आणि कंपनीकडून सव्वातीन टक्के जातात आणि त्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. त्याच्या आईचं डायलिसिस चालू होतं. सातशेच्या वाढीनं तो २१,३०० वर जाणार आणि विम्याबाहेर पडणार. आम्ही एवढंच केलं की वाढ १ एप्रिलऐवजी १ मेपासून लागू केली. वर्गणीचा सहामाही कालावधी एप्रिल ते सप्टेंबर असतो. तो सुरू झाल्यावर मर्यादा ओलांडली तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिच्या आधारावर मिळणारे लाभ त्यानंतरही काही महिने टिकतात. मधल्या काळात कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील घ्यायला लावले. तुम्ही ईएसआयसीच्या मर्यादेच्या आधीच बाहेर आहात, पण चाकणच्या मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का ते विचारा. नुसता ‘ग्रुप मेडिक्लेम’ म्हणजे पुष्कळदा फक्त तुम्ही. साठीच्या वडिलांची पॉलिसी बाहेरून काढायला गेलात तर चार हजारांच्या फरकातला मोठा भाग तिथंच जाईल.

चाकणच्या पत्रात आणखी काही बघून घ्या. नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराच्या, हे सगळ्यात आधी. पत्रावर कोणाचं नाव आणि शिक्का आहे ते वाचा. कायम आहे की ठरावीक मुदतीची? प्रोबेशन किती, नोटीस किती दिवसांची, ट्रेनिंगचा बाँड आहे का आणि असल्यास किती रुपयांचा? मूळ मार्कशीट जमा करायला सांगत असतील किंवा ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागत असतील तर तिथूनच परत या. आपल्याकडची कितीतरी पोरं यात फसली आहेत. सध्याचा पगार फुगवून सांगितला असेल तर आताच दुरुस्त करा. तीन महिन्यांच्या पे-स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतातच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. तुमच्या कामाच्या दोन गोष्टी त्यात आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले तर वरची रक्कम वेतनातच धरायची, म्हणजे बेसिक छोटं ठेवून ग्रॅच्युइटी कमी करायची जुनी सवय आता चालत नाही. आणि राजीनामा देऊन निघाल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे. फुल अँड फायनलसाठी तीन-तीन महिने चकरा मारणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हे माहीत असू द्या.

पीएफ काढू नका. नोकरी बदलली की पोरं पहिल्यांदा पीएफ काढून गाडीचं डाउन पेमेंट करतात. युएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवा, नवीन कंपनीत खातं ट्रान्स्फर करा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो. तुमची सव्वाचार वर्षं त्या दहात मोजली जातात, ती का पुसून टाकायची?

आणि एक वेळ अशी असते की कमी पगाराची नोकरी मिळाली तरी जुनी सोडावी. पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा; तो दोन-तीन महिने वीस-बावीस तारखेला जाऊ लागला, किंवा पीएफ कापला जातोय पण पासबुकात दिसत नाही, तर कारखाना अडचणीत आहे. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो, उमंग अ‍ॅपवर पासबुक बघायला दोन मिनिटं लागतात. तुमच्याकडे असं काही नाही असं दिसतं, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असेल.

लग्नाचं बोलतो, कारण घरात तो विषय चालू असणारच. ‘मुलगा पुण्याकडे आहे, पॅकेज साडेपाच लाख’ हे स्थळ बघताना ऐकायला बरं वाटतं, आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मुलासाठी आज ते किती महत्त्वाचं झालंय हे मी नाकारत नाही. पण लग्नानंतर तिघांतली खोली चालणार नाही. तुमच्या मित्रानं सांगितलेलं वन बीएचकेचं भाडं ९,५०० आहे, वर डिपॉझिट. संसार चाकणला मांडला तर शिल्लक निम्म्यावर येईल. बायको शिकलेली असेल आणि तिलाही काम करायचं असेल तर तिकडे तिला जळगावपेक्षा जास्त दारं उघडी आहेत, मग गणित पुन्हा बदलतं. स्थळ बघताना मुलीशी हे आकडे मोकळेपणानं बोला. पॅकेज सांगू नका, हातात किती येतं ते सांगा.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? चाकणला गेलो असतो, पण ४५ हजारांसाठी नाही. पत्रात कामाचं वर्णन ‘सप्लायर क्वालिटी’ असं आहे, म्हणजे पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा दर्जा सांभाळणं. पाइपच्या क्वालिटीत तुम्ही रोज तेच व्यास, तीच जाडी, तीच प्रेशर टेस्ट बघता. तिकडे गाड्यांच्या पार्टमध्ये कंट्रोल प्लॅन, पीपीएपी (नवा पार्ट मंजूर करून घेण्याची पद्धत), एसपीसी (मापांच्या आकडेवारीवरून दर्जा ताब्यात ठेवणं), ग्राहकाचं ऑडिट हे सगळं हाताखालून जाईल. २६ व्या वर्षी शिकलेलं ते काम ३० व्या वर्षी जळगावात परत आलात तरी पगाराला लागेल, आणि तेव्हा तुम्हाला सीनियर करा म्हणून कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. मात्र तिथं गेल्यावर प्रत्यक्षात लाइन इन्स्पेक्शनला उभं करणार असतील तर मी जाणार नाही. आठ महिने इथं काढेन, ३७,५०० घेईन आणि तोवर दुसरीकडे बघेन. म्हणून चाकणला फोन करून एचआरला नको, ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्यांना विचारा: पहिले सहा महिने मी रोज नेमकं काय करणार?

वडील नको म्हणतात ते पैशामुळे असेल असं मला वाटत नाही. त्यांनी कधीतरी सालदाराचं साल ठरवलं असेल. एक कोरा कागद घेऊन त्यांच्याजवळ बसा. सीटीसी हा शब्द काढू नका. रोख किती, कापून किती, राहायला कुठं, जेवायला काय, आजारी पडलो तर कोण बघणार, किती दिवसांनी घरी येणार, हे एकेक लिहीत जा आणि दोन्ही नोकऱ्यांचे रकाने शेजारी शेजारी भरा. माझा अंदाज आहे की तिसऱ्या-चौथ्या ओळीला कागद तेच हातात घेतील आणि पुढचे प्रश्न तुम्हाला तेच विचारतील.